तेरा दिवसांची बाळंतीण

गेल्या मे महिन्यात वाईच्या घराचा माळा आवरायला काढला. पावसाळ्याआधी कौलं चाळायची होती, म्हणून वरचं सामान खाली आणणं भाग होतं. त्यात आक्काची पत्र्याची ट्रंक निघाली. आक्का म्हणजे माझी सख्खी आत्या. घरात लहानथोर सगळेच तिला आक्का म्हणायचे, तिचा स्वतःचा मुलगासुद्धा. तो माझ्या आईला 'आई' म्हणायचा आणि जन्मदात्या आईला 'आक्का'. लहानपणी आम्हां भावंडांना यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही.

ट्रंकेत दोन पांढऱ्या सुती साड्या, कमरपट्ट्याचं एक बक्कल, छातीवर उलटं टाचायचं छोटं घड्याळ (बंद पडलेलं) आणि एक आडवी, जाड पुठ्ठ्याची वही होती. वहीत रकाने आखलेले. अनुक्रमांक, तारीख, बाईचं वय, कितवी खेप, कळा कधी सुरू झाल्या, मूल किती वाजता जन्मलं, मुलगा की मुलगी, वजन, वार कधी पडली, आणि शेवटी देखरेख करणाऱ्या सिस्टरची सही. मिडवायफरी शिकणाऱ्या मुलींना ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हातानं करून त्यांची नोंद दाखवावी लागते, तरच परीक्षेला बसता येतं. आक्काच्या वहीत अशा वीस नोंदी आहेत. अक्षर इतकं नेटकं की चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या माझ्यासारखीलाही लाल पेन उचलायला जागा सापडू नये!

चौदाव्या नोंदीच्या पानात एक पोस्टकार्ड होतं. आमच्या आजोबांचं. तारीख ९ फेब्रुवारी १९५९. मजकूर चारच ओळींचा. चिरंजीवास गोवर निघाला आहे, ताप आज उतरणीला आहे, तुझ्या वहिनी रात्रंदिवस जवळ आहेत, येण्याची घाई करू नये. आणि चौदाव्या नोंदीची तारीखही तीच, ९ फेब्रुवारी १९५९. कळा रात्री दोनला सुरू, जन्म पहाटे पाच चाळीसला, मुलगी, वजन सहा पौंड आठ औंस.

पत्र काही त्याच दिवशी पोचलेलं नसणार. दोनतीन दिवसांनी हातात पडल्यावर तिनं तारीख पाहिली असेल, वहीतलं पान शोधलं असेल आणि पत्र तिथं ठेवलं असेल. किंवा कार्ड सहज कुठंतरी सरकवलेलं त्याच पानात जाऊन बसलं असेल. आता विचारायला आक्का नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. जिथं दुसऱ्याचं बाळंतपण करायला शिकवतात, जिथं बाळाला दूध कसं पाजावं, न्हाऊ कसं घालावं याचे तासच्या तास होतात, त्या शाळेत शिकणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल कुठं ठेवायचं, याचा विचार कुणी आणि कधी केला?

शोधायला लागले तर गोष्ट थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंपर्यंत गेली. आपण शाळेत त्यांचा 'दिवा घेतलेली देवी' हा धडा शिकवतो आणि क्रिमियाच्या युद्धावर थांबतो. खरं काम त्यानंतरचं आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. मुलींनी तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, मेट्रनच्या नजरेखाली झोपायचं. वय पंचवीस ते पस्तीस, आणि बाई एकटी हवी, म्हणजे अविवाहित किंवा विधवा. दर महिन्याला प्रत्येकीच्या वर्तनाचा तक्ता भरला जाई. त्यात वेळ पाळणं, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता असे रकाने. (आमच्या वेळी प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक' असायची, तिची ही पणजी म्हणायची.)

यात नाइटिंगेलबाईंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातली दाई म्हणजे दारू पिणारी, पैसे उकळणारी बाई असा समज होता. डिकन्सच्या कादंबरीतली सेरी गॅम्प तशीच आहे. चांगल्या घरातल्या मुली या कामाला याव्यात तर आईबापांना खात्री पटायला हवी, आणि ती पटावी म्हणून वसतिगृहाला मठाचं रूप दिलं गेलं. युक्ती लागू पडली. पण मठात पाळणा नसतो. एकदा साचा तसा पडला की तो जिथं जाईल तिथं तसाच छाप उठवत जातो.

गंमत म्हणजे याच बाईंना बाळंतपणाच्या प्रश्नाची जाण फार होती. किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुइणी शिकवण्यासाठी एक प्रसूतिकक्ष चालवला जात होता. तिथं बाळंतज्वरानं बायका दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद करावा लागला. मग त्यांनी आकडे गोळा केले आणि १८७१ साली प्रसूतिगृहांवर एक पुस्तक काढलं. घरापेक्षा प्रसूतिगृहातच जास्त बायका मरतात, हे त्यात आकड्यांनी दाखवलं. ते पुस्तक अर्पण कुणाला केलं आहे? सॉक्रेटिसच्या आईच्या स्मृतीला, कारण ती सुईण होती. असली अर्पणपत्रिका लिहिणारी बाई मला फार आवडून गेली.

आणि याच बाईंचं २० फेब्रुवारी १८८८चं एक पत्र आहे. त्यात त्या कलकत्त्याच्या एका 'मिसेस गांगुली'बद्दल लिहितात. ही तरुण बाई डॉक्टर व्हायचं ठरवल्यानंतर लग्न करून बसली, तिला एक, कदाचित दोन मुलंही झाली, पण बाळंतपणासाठी ती फक्त तेरा दिवस गैरहजर होती, आणि तिचं एकही व्याख्यान बुडालं नसावं असं ऐकते, असा त्याचा आशय. वाक्यांपुढं उद्गारचिन्हं आहेत. म्हणजे ज्यांच्या शाळेत विवाहितेला प्रवेश नव्हता, त्याच बाई एका बाळंतिणीच्या हजेरीपटावर थक्क झालेल्या दिसतात!

या मिसेस गांगुली म्हणजे कादंबिनी. १८६१ सालचा जन्म. १८८३ मध्ये द्वारकानाथ गांगुलींशी लग्न आणि १८८४ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्रवेश. तिथं घेतलेली ती पहिलीच मुलगी. द्वारकानाथ विधुर होते आणि तिचे पूर्वीचे शिक्षक. पुढं १८९३ मध्ये मुलं घरी ठेवून ती ब्रिटनला गेली आणि तिथल्या पदव्या घेऊन आली. मराठी माणसाला आनंदीबाई जोशी माहीत असतात, कादंबिनी फारशी नसते. पण १८८९च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्री प्रतिनिधी होत्या, त्यांत पंडिता रमाबाई होत्या आणि कादंबिनीही होती.

ती शिकत होती वैद्यक, नर्सिंग नव्हे, हे मला कळतं. पण हा तेरा दिवसांचा आकडा मनातून जात नाही. आपल्याकडे दहा दिवस सोयर, बाराव्या-तेराव्या दिवशी बारसं, आणि सव्वा महिना बाळंतिणीनं खोलीबाहेर यायचं नाही. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. यातलं सगळं शास्त्रशुद्ध होतं असं नाही. बंद खोली आणि धूर यांनी नुकसानही पुष्कळ झालं असणार. पण बाईच्या शरीराला सव्वा महिना लागतो, एवढं त्या रीतीला कळत होतं. कादंबिनी मात्र बारशाचे पेढे संपायच्या आत वर्गात परत गेली. कौतुक झालं ते याचंच, की तिनं रजा घेतली नाही! तिला दूध किती येत होतं, टाके दुखत होते का, बाळ कुणाकडे होतं, हे पत्रात नाही. असल्या गोष्टी हजेरीपटावर येत नाहीत. मला तर वाटतं, पुढच्या शंभर वर्षांत शिकणाऱ्या आयांना जे भोगावं लागलं त्याचं बीज या कौतुकातच आहे. तुम्ही आई आहात हे कुणाला जाणवलं नाही, तर तुम्ही शाबास!

आनंदीबाईंचं तर आपल्याला पाठच आहे. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातून डॉक्टर व्हायचा निश्चय. अमेरिकेला गेल्या तेव्हा पाठीमागं मूल नव्हतं. ते असतं तर त्या गेल्या असत्या का, कुणी जाऊ दिलं असतं का, हा प्रश्न मी वर्गात एकदा विचारला होता. आठवीच्या मुली बराच वेळ गप्प बसल्या.

पंडिता रमाबाईंपाशी मात्र मूल होतं. १८८२ साली त्या विधवा झाल्या तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी तिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. मनात वैद्यक शिकायचं होतं, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येई. मग त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवूही लागल्या, तेव्हा मनोरमेचा सांभाळ वाँटिजच्या मठातल्या भगिनींनी केला. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या लेकीला बरोबर घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या आणि नंतर मुलीला इंग्लंडला परत पाठवून स्वतः अमेरिकेत राहिल्या. शिकायचं तर मूल कुणाच्या तरी ओटीत घालायचं, ही वाट तिथपासून पडलेली आहे.

आता नर्सिंगकडे येते. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ सालचं. एडिथ पिची या इंग्रज डॉक्टरबाई तिथं प्रमुख होत्या आणि त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. पण हिंदू घरांतून मुली यायला तयार नव्हत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, कुठल्याही जातीच्या माणसाचं अंग पुसायचं, रात्री घराबाहेर राहायचं. आपल्या समाजात यातली एकेक गोष्ट पुरेशी होती. मग हे काम करायला निघणार कोण? जिला घरात जागा उरली नव्हती ती. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे अध्यक्ष, गो. कृ. देवधर चिटणीस. त्यांनी ससून रुग्णालयात हिंदू बायकांना नर्सिंग शिकवण्याचा ध्यास घेतला आणि त्यांच्यासाठी वसतिगृह चालवलं. त्यात विधवा बऱ्याच होत्या. समाजानं ज्या कपाळाला अशुभ मानलं त्याच बायकांच्या हातून शेकडो मुलं सुखरूप जन्माला आली, हा काव्यगत न्याय रमाबाईंच्या लक्षात आला असेलच.

विधवा नाइटिंगेलच्या साच्यात बसत होती, कारण नवरा नव्हता. पण आपल्याकडची विधवा म्हणजे इंग्लंडमधली एकटी बाई नव्हे. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, आणि मध्ये एखाददुसरं मूल. अर्जावर 'विधवा' लिहिलं की नियम भागे, आणि ते मूल आजोळी, चुलत्याकडे, दिराकडे किंवा अनाथाश्रमात जाई. ज्या घरांनी ही मुलं सांभाळली त्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. आमचं घर त्यांतलं एक.

आक्काचे यजमान १९५३ साली विषमज्वरानं गेले. तेव्हा दादा (तिचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आम्ही त्याला दादाच म्हणत आलो) दीड वर्षाचा होता. सासरी जमीन नव्हती आणि माया त्याहून नव्हती. १९५५ मध्ये आजोबांनी तिला एका मोठ्या शहरातल्या सरकारी इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत घातलं. इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन वर्षं जनरल नर्सिंग आणि त्यावर मिडवायफरी. राहणं-जेवण तिथंच आणि वर थोडा स्टायपेंड. त्यातले पाच रुपये ती दरमहा मनिऑर्डरनं पाठवी. मुलाखतीच्या वेळी मेट्रननं तिला बजावलं होतं, की मुलाचं कारण सांगून रजा मागायची नाही. आक्कानं ते मान्य केलं. हे मी आजीच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे आणि आजीच्या सांगण्यात मेट्रनबद्दल राग नसायचा, आदरच असायचा. 'शिस्तीची बाई हो!' असं ती म्हणायची.

मेट्रनचीही एक बाजू होती, ती आता मला दिसते. १९४६च्या भोर समितीच्या अहवालात साऱ्या देशात परिचारिका फक्त सुमारे सात हजार होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागं एक. शाळा म्हणायची ती शाळा, पण वॉर्ड चालत होते ते शिकाऊ मुलींच्याच जिवावर. एक मुलगी रजेवर गेली की रात्री साठ खाटांना कोणी उरत नसे. कायद्याचं म्हणाल तर मुंबई प्रांतात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाचा लाभ देणारा कायदा १९२९ सालीच झाला होता, तो हिंदुस्थानातला पहिला. देशाचा कायदा १९६१ चा. पण दोन्ही कायदे कामकरी बाईचे. रात्रभर वॉर्ड सांभाळणारी शिकाऊ नर्स ही 'विद्यार्थिनी' होती. कामाला कामकरी, हक्काला विद्यार्थिनी!

वर्षातून एकदा आजोबा दादाला भेटायला घेऊन जात. रविवारी दुपारी भेटीची खोली उघडी असे, त्यापलीकडे मुलांना सोडत नसत. दादाला त्यातलं काय आठवतं, तर फिनेलचा वास आणि एका बाईनं दिलेला लोणी लावलेला पाव. ती बाई त्याच्याकडे एकटक बघत होती, म्हणून त्याला रडू आलं. ती बाई आक्काच होती. दिवाळीत ती घरी आली की तो माझ्या आईच्या पदराआड जायचा. आक्का त्याला ओढून घ्यायची नाही. मुकाट्यानं त्याच्या सदऱ्याची बटणं शिवत बसायची.

इथं माझ्या आईबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. तिची स्वतःची आम्ही चार, त्यात हा पाचवा. गोवराच्या वेळी आम्ही तिघं एकदम आजारी होतो आणि ती नऊ रात्री झोपली नव्हती म्हणे. आक्काच्या प्रमाणपत्रावर मेट्रनची सही आहे, सिव्हिल सर्जनची आहे. माझ्या आईची सही करायला जागा नव्हती.

तुम्हांला वाटेल, या जुन्या गोष्टी झाल्या. मलाही तसंच वाटत होतं. पण सैन्याच्या नर्सिंग सेवेत १९७७चा एक आदेश होता, की लग्न केलं तर अधिकारी नर्सला सेवेतून कमी करता येईल. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली तसंच घरी पाठवलं. लग्न कुणाशी केलं होतं, तर सैन्यातल्याच अधिकाऱ्याशी. त्याची नोकरी अर्थातच राहिली. तो आदेश १९९५ मध्ये मागं घेतला गेला. बाई लढत राहिल्या आणि २०२४च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं हा नियम उघडउघड मनमानीचा ठरवून त्यांना साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधली छत्तीस वर्षं कोण परत देणार, असो.

आणि २००९ साली तर ही गोष्ट चालत माझ्याच दारात आली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका नर्सिंग शाळेत शिकत होती. पहिल्या वर्षानंतर घरच्यांनी लग्न उरकलं आणि दुसऱ्या वर्षात दिवस राहिले. प्रवेशाच्या वेळी शाळेनं पालकांकडून लिहून घेतलं होतं, की कोर्स संपेपर्यंत असं काही होणार नाही. आता सोडून जा आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून ये, असं तिला तोंडी सांगितलं गेलं. लेखी कुणी देईना. पोरगी हट्टी. मराठीत पस्तीस मार्कांनी पास होणारी, पण सोडायची नाही. सातव्या महिन्यापर्यंत तिनं एप्रन सैल शिवून काढले. तिच्या एका ट्यूटरबाईंनी कुणाला न सांगता तिची पाळी क्षयाच्या वॉर्डातून बदलून बाह्यरुग्ण विभागात लावली. नियम जितके कडक, तितकी माणसं चोरून मऊ होतात, हे मी नोकरीतही पाहिलं आहे. पण चोरून केलेल्या उपकारावर कुणाचा हक्क नसतो. ट्यूटरबाई बदलली की तो संपला.

मुलगा झाला. सात आठवड्यांनी ती परत रुजू झाली. सासर लांब, आई शेतावर मजुरीला. एक दिवस दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'बाई, आठ ते दोन ठेवाल का?' मी वर्षभरापूर्वीच निवृत्त झाले होते. आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली. झालं, आमच्याकडे पाळणाघर सुरू! लंगोट वाळत घालायला गच्चीवर दोरी बांधली. यांना अंगाई येत नव्हती, हे त्याला मोठ्यानं अग्रलेख वाचून दाखवत. तो झोपायचा, हे मात्र खरं.

मधल्या सुट्टीत ती धावत यायची, अर्ध्या तासात येणं, पाजणं आणि जाणं. कधी वॉर्डात अडकली की यायची नाही, आणि इकडे हा वाटीचमच्यानं दूध घ्यायला नाराज. संध्याकाळी ती यायची तेव्हा एप्रनखालचं पोलकं ओलं असायचं आणि अंगात ताप. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. तिची चित्रकला बरी, म्हणून शाळेनं भित्तिपत्रकं तिला रंगवायला दिली. 'पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.' ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ही अक्षरं रंगवत होती आणि बाजूला मी तिच्या पोराला वाटीनं वरचं दूध पाजत होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी हसू आलं आणि मग तिनं ब्रश ठेवून दिला.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आणखी एक काटा आहे. वर्गातली हजेरी ऐंशी टक्के चालते, पण प्रमाणपत्र हातात पडायच्या आधी वॉर्डातलं प्रात्यक्षिक शंभर टक्के भरावं लागतं. बुडलेला प्रत्येक दिवस नंतर भरून द्यायचा. रुग्णाच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, अर्धवट शिकलेल्या हातात आपण तरी जीव देऊ का? माझं म्हणणं त्या नियमाविरुद्ध नाही. दिवस भरून घ्या, पण बाळंतपणानंतर परत येण्याची वाट लेखी ठेवा, आणि इस्पितळाच्या आवारात एक खोली मुलांसाठी ठेवा, एवढंच आहे. तिनं बाहत्तर दिवस भरून दिले. तिच्या बरोबरच्या मुली शपथ घेऊन, फोटो काढून नोकरीला लागल्या, तेव्हा ही नव्या मुलींबरोबर बेडपॅन धूत होती.

२०१७ साली कायदा बदलला, नोकरदार बाईची रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली. विद्यार्थिनी त्यातही नाहीत. २०२१च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना पत्र लिहून पदवी आणि पदव्युत्तर मुलींसाठीही बाळंतपणाच्या रजेचे नियम करा असं सुचवलं. चांगलं आहे. पण डिप्लोमाच्या नर्सिंग शाळा विद्यापीठाखाली येत नाहीत, आणि गावाकडच्या गरीब घरातल्या मुली, ज्यांची लग्नं कोर्सच्या मध्येच उरकली जातात, त्या बहुतेक तिथंच असतात.

माझी विद्यार्थिनी आता एका ग्रामीण रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. तिच्या लेबर रूममागच्या साठ्याच्या खोलीत एक जुना पाळणा आहे, असं ती मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दादा परवा पुण्याहून आला होता. ट्रंकेचं त्याला सांगितलं होतं, पण वही दाखवावी की नाही या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी चहा झाल्यावर दिली. त्यानं एकेक पान सावकाश उलटलं. पोस्टकार्ड वाचलं, मग शेजारची नोंद वाचली, पुन्हा पोस्टकार्ड वाचलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, बँकेत जन्म काढलेला, आकड्यांवरून बोट फिरवायची सवय काही जात नाही.

'मुलगी, सहा पौंड आठ औंस,' तो म्हणाला. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

'म्हणजे ती आता सहासष्ट वर्षांची असेल.'

कार्ड त्यानं त्याच पानात परत ठेवलं आणि वही आपल्याकडे नेऊ का, असं विचारलं. मी हो म्हटलं.